ज्यूल व्हर्न : लोकप्रियतेची मीमांसा

ज्या लेखकाचे वाचक फार, त्याच्या वाट्याला टीकाकार थोडे, असा एक अलिखित नियम साहित्याच्या इतिहासात वारंवार प्रत्ययास येतो. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरीकारांपैकी ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) याच्या बाबतीत हा नियम विशेष कठोरपणे लागू झाला. युनेस्कोने १९७९ पासूनच्या भाषांतरांची जी जागतिक सूची सिद्ध केली, तीत सर्वाधिक भाषांतरित लेखक म्हणून अगाथा ख्रिस्तीच्या खालोखाल व्हर्नचे नाव येते. शेक्सपिअरचा क्रमांक त्याच्या मागून लागतो. परंतु खुद्द फ्रान्समध्ये ज्या ग्रंथमालेत प्रवेश मिळणे म्हणजे अभिजात लेखकांच्या पंक्तीत बसणे असे मानले जाते, त्या 'प्लेयाद' मालेत व्हर्नला जागा मिळावयास २०१२ साल उजाडावे लागले. मृत्यूनंतर एकशे सात वर्षे वाचक त्याला वाचीत राहिले आणि साहित्यसंस्था त्याच्याविषयी विचार करीत राहिली. या विलंबात अन्याय किती आणि विवेक किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. इतकी दीर्घ लोकप्रियता निव्वळ अपघाताने टिकत नाही. तिची कारणे कृतींच्या घडणीतच शोधली पाहिजेत.

नेहमी दिले जाणारे कारण सर्वांच्या परिचयाचे आहे. व्हर्न हा द्रष्टा होता. पाणबुडी, चांद्रयान, विद्युत्शक्ती यांचे भाकीत त्याने अगोदर केले. विज्ञानाने ती भाकिते खरी करून दाखविली आणि म्हणून त्याची कीर्ती वाढत गेली. शालेय पुस्तकांपासून वृत्तपत्री स्मरणलेखांपर्यंत हेच मत निरनिराळ्या शब्दांत आढळते. ते जितके सोयीचे आहे तितकेच दुबळे आहे.

पाणबुडीचे उदाहरण प्रथम घेऊ. 'समुद्राखाली वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९–७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीतील 'नॉटिलस' हे नावच उसने आहे. अमेरिकन यंत्रज्ञ रॉबर्ट फुल्टन याने १८०० मध्ये फ्रान्समध्येच त्या नावाची पाण्याखालची नौका बांधून चालवून दाखविली होती. फ्रेंच आरमाराची 'प्लाँझर' ही पाणबुडी १८६३ मध्ये पाण्यात उतरली होती. म्हणजे व्हर्नने जे होणार ते सांगितले नाही. जे अर्धेमुर्धे झाले होते ते पूर्णत्वास नेऊन कल्पिले. १९५४ मध्ये अमेरिकेने आपल्या पहिल्या अणुशक्तीवरील पाणबुडीस 'नॉटिलस' हे नाव दिले, तेव्हा भाकीत खरे ठरल्याचा गाजावाजा झाला. वस्तुतः नाव देणारे व्हर्नचे वाचक होते. आपल्या आवडत्या पुस्तकातील नाव मुलाला ठेवावे आणि मग ग्रंथकाराने मुलाचे भविष्य वर्तविले असे म्हणावे, तशातलाच हा प्रकार झाला.

चंद्राचीही तीच कथा. 'पृथ्वीवरून चंद्राकडे' (१८६५) या कादंबरीत नऊशे फूट लांबीची तोफ फ्लॉरिडात उभारली जाते व तिच्यातून पोकळ गोळा अवकाशात फेकला जातो. अमेरिकेचे अवकाशयात्री पुढे फ्लॉरिडातूनच निघाले, हा योगायोग अनेकांना चमत्कारिक वाटला आहे. परंतु व्हर्नने ती जागा का निवडली हे त्याच्याच पुस्तकात लिहिलेले आहे. चंद्र माथ्यावर यावा यासाठी तोफ विषुववृत्तापासून अठ्ठावीस अंशांच्या आत असली पाहिजे, आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशी भूमी फ्लॉरिडात व टेक्सासच्या दक्षिण टोकाशीच सापडते. यात दिव्यदृष्टी नाही, अक्षांशांचा हिशेब आहे. उलट ज्या ठिकाणी विज्ञानाची खरी कसोटी होती तेथे व्हर्न चुकला. तोफेच्या नळीत क्षणार्धात मिळणाऱ्या त्या वेगाने आतील तिन्ही प्रवाशांचा तत्क्षणीच चेंदामेंदा झाला असता. गणित तपासण्यासाठी त्याने आंरी गार्से या आपल्या गणिती आप्ताची मदत घेतली होती. ती आकड्यांच्या कामी आली, शरीरशास्त्राच्या नाही.

यापेक्षा निर्णायक पुरावा १९९४ मध्ये पुढे आला. 'विसाव्या शतकातील पॅरिस' ही कादंबरी व्हर्नने १८६३ च्या सुमारास लिहिली होती. तीत १९६० सालचे पॅरिस आहे. वायूवर चालणाऱ्या गाड्या, दिव्यांनी उजळलेले रस्ते, तारेने चित्रे व लेख पाठविण्याची सोय, आणि या सर्व वैभवात लॅटिन काव्यात पारितोषिक मिळवून उपाशी राहिलेला एक तरुण. व्हर्नच्या साऱ्या लेखनात भविष्यकथन म्हणावे असे याहून अधिक कोठेच नाही. त्याचा प्रकाशक पियेर-झ्यूल एत्सेल याने ती साफ नाकारली. या भाकितावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही, असा त्याचा अभिप्राय होता. हस्तलिखित एकशे तीस वर्षे कुलूपबंद राहिले. द्रष्टेपणा हेच लोकप्रियतेचे मूळ असते तर जे पुस्तक द्रष्टेपणाने सर्वाधिक भरलेले, त्याच्याविना ती लोकप्रियता सव्वा शतक कशी नांदली, या प्रश्नाचे उत्तर त्या मताच्या पुरस्कर्त्यांनी दिलेले नाही. प्रसिद्ध झाल्यावर हे पुस्तक फ्रान्समध्ये कुतूहलाने खपले हे खरे. पण ते वाचून व्हर्नकडे वळलेला वाचक विरळा.

मग वाचकाला धरून ठेवणारे असे या कादंबऱ्यांत काय आहे? उत्तराचा धागा त्यांच्या मथळ्यांतच आहे. 'बलूनमधून पाच आठवडे', 'समुद्राखाली वीस हजार लीग', 'ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा', 'पंधरा वर्षांचा कप्तान', 'बेगमेचे पन्नास कोटी'. अमेझॉनवरील तराफ्याच्या कथेला आठशे लीगचे उपशीर्षक आहे आणि चांद्रप्रवासाच्या कादंबरीचे उपशीर्षक तर हा प्रवास ९७ तास २० मिनिटांचा असल्याचे बजावते. मथळ्यात आकडा घालण्याची इतकी हौस त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या कादंबरीकाराला नसावी. (वीस हजार लीग ही समुद्राची खोली नव्हे, प्रवासाची लांबी आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. चार किलोमीटरचा एक लीग धरला तर पृथ्वीला दोन वेढे पडतात. पृथ्वीच्या पोटात तितके खोल जावयास जागाच नाही.) हा आकडा अलंकार म्हणून आलेला नाही. तो कथानकाचा करार आहे. वाचकाला पहिल्या पानापूर्वीच सांगितले जाते की अमुक इतके अंतर, अमुक इतका काळ. आता तो पुरा होतो की नाही ते पाहा.

या कराराचे सर्वांत देखणे उदाहरण 'कॅप्टन ग्रांटची मुले' (१८६७–६८) या कादंबरीत आहे. एका शार्क माशाच्या पोटात बाटली सापडते. बाटलीत तीन भाषांतील तीन कागद. तिन्ही पाण्याने खाल्लेले. त्यांतून अक्षांश वाचता येतो, सदतीस अंश अकरा मिनिटे दक्षिण. रेखांश मात्र पुसला गेला आहे. एवढ्यावर तीन खंड कादंबरी उभी राहते. रेखांश माहीत नाही, म्हणून त्या एका समांतर रेषेवरून दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे सारे जग ओलांडावयाचे. शोधणारे कागदाचा अर्थ पुनःपुन्हा नव्याने लावतात आणि प्रत्येक वेळी चुकतात. भूगोलातील एक साधा पाठ (स्थान निश्चित करण्यास दोन संख्या लागतात) येथे विरहाची व शोधाची कथा बनला आहे. एक संख्या हरवली आहे, म्हणून मुलांना बाप सापडत नाही. गणिताच्या उणिवेतून करुण रस निर्माण करणारा दुसरा लेखक सहज आठवत नाही.

'रहस्यमय बेट' (१८७४–७५) यातील प्रसंग याहून साधा आहे. निर्जन बेटावर सापडलेल्या पाच जणांपैकी मुलगा हर्बर्ट याच्या बंडीच्या अस्तरात गव्हाचा एक दाणा मिळतो. खलाशी पेंक्रॉफ्ट थट्टा करतो. अभियंता सायरस स्मिथ हिशेब मांडतो : एका दाण्याचे आठशे, दुसऱ्या पिकाला सहा लाख चाळीस हजार, तिसऱ्याला एकावन्न कोटी वीस लक्ष. अडाणी वाचकालाही हा गुणाकार कळतो आणि कळताक्षणी तो बेटाचा रहिवासी होतो. ज्या वाचकाने घरी कणगीत दाणे पाहिले आहेत त्याला तर या हिशेबात भाकरीचा वास यावा. व्हर्नच्या आकड्यांना रुक्ष म्हणणाऱ्यांनी हे पान पुन्हा वाचावे. येथे आकडा म्हणजे आशा आहे.

तथापि व्हर्नला मोजमापाचा भाबडा स्तुतिपाठक समजणे चूक ठरेल. 'कॅप्टन हॅटेरस' (१८६६) हा त्याचा नायक उत्तर ध्रुवाच्या बिंदूपर्यंत पोहोचतो आणि वेडा होतो. वेड्यांच्या इस्पितळाच्या बागेत तो रोज फिरतो, तेही एकाच दिशेने, उत्तरेकडे. 'ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा' यातील फिलिआस फॉग हा तर मोजमापाचे विडंबनच आहे. दाढीच्या पाण्याची उष्णता दोन अंशांनी चुकली म्हणून तो नोकराला काढून टाकतो. सारे जग तो ओलांडतो, पण काही पाहत नाही; बोटीवर व्हिस्ट खेळत बसतो. आणि इतक्या काटेकोर माणसाचा हिशेब शेवटी चुकलेलाच असतो. पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे त्याला एक दिवस अधिक मिळाला आहे, हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. ज्याने प्रत्येक मिनिट मोजले त्याला एक अख्खा दिवस दिसला नाही, आणि तोच त्याला तारतो. ही कल्पना व्हर्नला एडगर अॅलन पो याच्या एका लघुकथेवरून सुचली होती. ती लोकांना इतकी चक्रावून गेली की १८७३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या भूगोल-संस्थेत मध्यान्हरेखा व दिनगणना या विषयावर व्हर्नने निवेदन केले. प्रमाण रेखावृत्ताचा आंतरराष्ट्रीय निर्णय वॉशिंग्टन येथे व्हावयास अजून अकरा वर्षे होती.

रोलाँ बार्त याने १९५७ च्या आपल्या 'मिथकां'च्या ग्रंथात व्हर्नवर एक छोटा निबंध लिहिला आहे. व्हर्नचे जग हे बंदिस्त व भरगच्च आहे, त्याची जहाजे ही प्रवासाची साधने नसून उबदार घरे आहेत, गुहेत लपणाऱ्या मुलाचे सुख ती देतात, असे त्याचे प्रतिपादन. 'नॉटिलस'मधील ग्रंथालय व ऑर्गन ज्याने विसरले नाहीत त्याला हे पटेल. परंतु बार्तच्या विवेचनात घड्याळ नाही. निव्वळ गुहेचे सुख द्यावयाचे तर कादंबरी कोठेही संपविता आली असती. व्हर्नचा वाचक गुहेत बसतो हे खरे, पण ती गुहा वेळापत्रकावर धावत असते. घर आणि घड्याळ यांच्या या संयोगातच त्याचे रहस्य असावे, आणि बार्तने त्याचा अर्धाच भाग उलगडला.

याची उलट बाजू तपासली तर हे अनुमान बळकट होते. व्हर्नच्या हयातीत त्याच्या पन्नासाहून अधिक कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. आज जगभर वाचल्या जाणाऱ्या बहुतेक १८६३ ते १८७६ या तेरा-चौदा वर्षांतील आहेत. पुढची पुस्तके निकृष्ट आहेत असे नव्हे. 'कार्पेथियन पर्वतातील किल्ला' (१८९२) या कादंबरीत मृत गायिकेचा आवाज व प्रतिमा यंत्राने जिवंत ठेवणारा प्रेमिक आहे. कित्येक टीकाकार तिला श्रेष्ठ मानतात. परंतु तीत गाठावयाचे अंतर नाही, उलटणारे दिवस नाहीत. ती त्या काळीही थोडीच खपली. त्याच वेळी 'ऐंशी दिवसां'च्या प्रती लेखकाच्या हयातीतच एक लाखाहून अधिक गेल्या होत्या.

प्रकाशनाच्या यंत्रणेचा वाटा नाकारता येत नाही. एत्सेल १८६४ पासून 'शिक्षण व रंजन' यांना वाहिलेले नियतकालिक चालवीत असे. व्हर्नच्या बहुतेक कादंबऱ्या प्रथम तेथे क्रमशः येत, मग चित्रांविना स्वस्त पुस्तक निघे, आणि वर्षाखेरीस रिऊ, न्यव्हील, फेरा, बेनेत यांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ नववर्षाच्या भेटीसाठी दुकानांत मांडला जाई. एकच कृती तीन वेळा आणि तीन प्रकारच्या खिशांना विकण्याची ही योजना होती. १८८१–८२ च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले आणि बक्षिसाचे पुस्तक म्हणून व्हर्नला नवे क्षेत्र लाभले. रंगभूमीने आणखी भर घातली : 'ऐंशी दिवसां'चे नाट्यरूप नोव्हेंबर १८७४ मध्ये पॅरिसला लागले, त्याचे पहिल्याच खेपेस चारशेहून अधिक प्रयोग झाले, आणि रंगमंचावर खराखुरा हत्ती आला. पण यंत्रणेने फार तर एका पिढीपुरते यश मिळते. एत्सेलच्या नियतकालिकात लिहिणाऱ्या इतर लेखकांपैकी किती जण आज वाचले जातात हे पाहिले की यंत्रणेची मर्यादा कळून येते.

फ्रान्सबाहेर पाऊल टाकताच प्रश्न अवघड होतो, कारण तेथे लोकप्रिय झालेला मजकूर व्हर्नचा आहे की नाही हेच संशयास्पद आहे. इंग्रजीत 'वीस हजार लीग' १८७२ च्या अखेरीपासून वाचली गेली ती लुइस मर्सिए या धर्मोपदेशकाच्या भाषांतरातून. त्याने मूळ मजकुराचा सुमारे पाचवा हिस्सा गाळला. राजकारण गेले, माशांच्या याद्या गेल्या, मोजमापांत घोटाळे झाले. अमेरिकेतील ज्या उजाड प्रदेशाचे नावच 'वाईट भूमी' असे आहे, त्याला भाषांतरकाराने नेब्रास्काचा अप्रिय मुलूख करून टाकले. अशा भाषांतरांतून व्हर्न हा पोरांचा लेखक व कच्चा वैज्ञानिक ठरला आणि इंग्रजी टीकेने त्याला त्याच दर्जाने वागविले. तरीही पुस्तक खपत राहिले! भाषेचे सौंदर्य, उपरोध, माहितीची समृद्धी हे सर्व गेल्यावर जे उरते तेवढ्यावरही ते टिकते. उरतो तो सांगाडा : अंतर, मुदत, बंद खोली, नकाशावरची रेघ. कवितेचा प्राण भाषांतरात जातो असे म्हणतात. व्हर्नची कथा हाडांवर चालू शकते. त्याच्या लोकप्रियतेचे हे बळ आहे, आणि त्याच्या साहित्यिक कीर्तीचे दुर्दैवही यातच आहे. जे हाडांवर चालते त्याला मांस होते याची चौकशी कोणी करीत नाही.

या गाळलेल्या मांसात एक भाग असा आहे की भारतीय वाचकाला त्याची उपेक्षा परवडणार नाही. कॅप्टन नेमो हा मुळात पोलिश असावा, १८६३ च्या उठावात रशियनांनी ज्याचे कुटुंब मारले असा असावा, अशी व्हर्नची योजना होती. रशियातील विक्री आणि राजनैतिक अडचण ध्यानी घेऊन एत्सेलने हरकत घेतली. पत्रव्यवहारात बरीच ओढाताण झाली. अखेर तडजोड अशी की नेमोला देशच द्यावयाचा नाही. लॅटिनमध्ये त्या नावाचा अर्थच 'कोणी नाही' असा. व्यापारी भीतीतून आलेली ही अनामिकता कलेच्या दृष्टीने भाग्याची ठरली. ज्याचा शत्रू सांगितलेला नाही त्याच्या जागी प्रत्येक पराभूत राष्ट्राच्या वाचकाला आपला माणूस बसविता आला. केवळ एका ठिकाणी पडदा किंचित हलतो : सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब भारतीय पाणबुड्याला नेमो शार्कच्या तोंडून वाचवितो, त्याच्या हाती मोत्यांची पिशवी ठेवतो, आणि हा मनुष्य दडपलेल्यांच्या देशाचा आहे व आपणही त्याच देशाचे आहोत असे नंतर सांगतो.

पाच वर्षांनी 'रहस्यमय बेटा'त उलगडा झाला. नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र डाक्कर, टिपू सुलतानाचा भाचा, युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावाचा प्राण. पराभवानंतर आई, वडील, पत्नी व मुले गमावून समुद्रात शिरलेला. या वंशावळीत इतिहास किती थोडा आहे ते सांगण्याची गरज नाही. बुंदेलखंडच्या राजाला म्हैसूरच्या सुलतानाचा आप्त करण्यासाठी हिंदुस्थानचा नकाशा बराच दुमडावा लागतो. 'ऐंशी दिवसां'त सतीच्या चितेवरून सोडविलेली आउदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी. तिचा वृद्ध पतीही बुंदेलखंडचाच राजा! व्हर्न भारतात कधी आला नाही. ज्या प्रदेशाविषयी काहीही घडू शकते असे त्याला वाटे, त्या प्रदेशाला त्याने बुंदेलखंड हे नाव दिले असावे.

परंतु इतिहासाची चूक वेगळी आणि इतिहासाची फिरवाफिरव वेगळी. डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन याच्या नावाने १८७५ मध्ये जे इंग्रजी भाषांतर निघाले (प्रत्यक्षात ते त्याच्या पत्नीने केले होते) त्यात नेमोचे पूर्वचरित्र पालटले गेले. मुळात जो उठावाचा आत्मा आहे तो येथे महत्त्वाकांक्षेपायी उठावात सहज ओढला गेलेला राजपुत्र होतो. बलापुढे न्याय हरला, हा मूळ लेखकाचा शेरा नाहीसा होऊन इंग्रजी राज्याविषयी समाधानाचा सूर लागतो. हेच भाषांतर पुढे स्वस्त आवृत्त्यांतून शंभर वर्षांहून अधिक काळ छापले गेले. मूळाशी इमान राखणारी दोन नवी इंग्रजी भाषांतरे २००१ मध्ये निघाली. इंग्रजीतून व्हर्न वाचणाऱ्या भारतीय वाचकाला सत्तावन्नचा एक बंडखोर जागतिक कादंबरीचा नायक म्हणून भेटला खरा, पण त्याची जबानी शत्रूपक्षाने दुरुस्त केलेली होती.

व्हर्नच्या भारतविषयक पुस्तकांची तुलना येथे उद्बोधक ठरते. फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबई बंदरात उतरतो आणि त्याच रात्री आठच्या गाडीने निघतो. मधल्या साडेतीन तासांत त्याचा नोकर पासपार्तू मलबार टेकडीवरील देवळात पायांतील जोड्यांसह शिरून मार खातो. मुंबईचे वर्णन म्हणून हे अत्यल्प आहे. गाडी कल्याणवरून घाट चढून खानदेश ओलांडते आणि पुढे एका खेड्याशी रूळच संपतात. अलाहाबादपर्यंत पन्नास मैल वाट नाही. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूर येथे १८७० च्या मार्चमध्येच जुळला होता. द्रष्टा म्हणून गाजलेला लेखक येथे वास्तवाच्या अडीच वर्षे मागे आहे. पण कोणत्याही वाचकाने याबद्दल तक्रार केलेली नाही, कारण मुदत चालू असताना रूळ संपणे ही कथेची गरज आहे.

'वाफेचे घर' (१८८०) ही कादंबरी याच्या अगदी उलट आहे. तिचा आरंभ महाराष्ट्रात होतो. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १८६७ च्या मार्चमध्ये नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंडांचे बक्षीस जाहीर करणारा कागद भिंतीवर लागतो. वेरूळच्या लेण्यांत नानासाहेब आपल्या साथीदारांना भेटतात. व्हर्न त्यांना 'नबाब धोंडोपंत' म्हणतो. पेशव्यांच्या दत्तक पुत्राला नबाब केलेले पाहून मराठी वाचक प्रथम हसेल आणि मग अस्वस्थ होईल, कारण डाक्करच्या मुखी जो सूड उदात्त होता तो येथे खलपुरुषाचा झाला आहे. सत्तावन्नमध्ये उभय पक्षांनी केलेल्या कत्तलींची नोंद व्हर्न एका स्वतंत्र प्रकरणात करतो, इंग्रजांच्या क्रौर्याचीही करतो; सहानुभूती मात्र कर्नल मन्रोकडे जाते. पोलादी हत्तीच्या आकाराचे वाफेचे यंत्र दोन फिरती घरे ओढीत उत्तर हिंदुस्थानातून हिंडते. यंत्र अपूर्व आहे, चित्रे सुरेख आहेत, देश अद्भुत आहे, पण पुस्तक चालत नाही. हत्तीला कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नसते. प्रवासी शिकार करतात, विश्रांती घेतात, पुन्हा निघतात. सूडाची कथा आणि सहलीची कथा शेजारून चालतात, एकमेकींत मिसळत नाहीत. अखेर हत्तीचा स्फोट होतो तेव्हा वाचकाला सुटल्यासारखे वाटते. भारताविषयीच्या या सर्वांत विस्तृत व्हर्नकृतीला भारतातही फारसा वाचक लाभला नाही. ज्या पुस्तकात भारत एक ओझरते स्थानक आहे ते घरोघर पोहोचले.

मराठीत व्हर्न रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने भा. रा. भागवत यांचे. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' या व अशा रूपांतरांनी मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्या वाढविल्या. रूपांतरकाराने मुलांना पेलेल एवढेच उचलले, आणि ते उचलताना भाषा अशी खेळती ठेवली की मर्सिएच्या कोरड्या इंग्रजीपेक्षा मूळच्या मिस्किलपणाच्या ती कित्येकदा अधिक जवळ जाते. परंतु यामुळे मराठीतही व्हर्न बालवाङ्मयाच्या कपाटातच राहिला. 'रहस्यमय बेटा'तील डाक्करचे पूर्वचरित्र काही पृष्ठांचेच आहे. फ्रेंचवरून शब्दशः मराठीत आणून किंग्स्टनच्या मजकुरासमोर ते छापणे हे पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याचे एका सत्राचे काम आहे.